कर्नलमधे स्टोरेज ट्रान्सपोर्टचा थर: रेघ नेमकी कुठे मारायची?

अर्धविराम (धागाकर्ता)

मंडळी, फावल्या वेळात एक लहानसं कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) लिहितोय. आता अशा जागी आलोय की पुढे जाण्याआधी चार जाणकारांना विचारलेलं बरं. एएचसीआयवरून (साटाचा नेहमीचा कंट्रोलर) साटा डिस्क चालते, पेनड्राइव्ह चालतो, वर एक्स्ट२ फाइल सिस्टिम वाचता-लिहिता येते. प्रत्येक ड्रायव्हर ब्लॉक थराला (फाइल सिस्टिम आणि ड्रायव्हर यांच्या मधला) दोनच फंक्शनं देतो: या सेक्टरपासून इतके वाच, आणि तसंच लिही. एवढ्यावर बरंच भागलं.

आता एनव्हीएमई (वेगवान एसएसडींची भाषा) घ्यायचंय आणि त्यानंतर नेटवर्कवरची डिस्क, म्हणजे आयस्कझी (टीसीपीवरचं स्कझी) किंवा टीसीपीवरचं एनव्हीएमई. दोन फंक्शनांचा संसार इथे मोडतो. कॅश फ्लश करायची (कॅशमधलं डिस्कवर उतरवून घ्यायचं), मोकळे ब्लॉक डिस्कला कळवायचे, डिस्क मधेच उपटली तर वर सांगायचं, हे सगळं कुठून जाणार? शिवाय पेनड्राइव्हच्या ड्रायव्हरमधे मी स्कझी कमांड (स्कझी म्हणजे डिस्कशी बोलायची जुनी प्रमाण भाषा) बनवतोच आहे, आयस्कझीतही त्याच बनवाव्या लागणार. तो कोड दोनदा लिहायचा की मधे थर घालायचा?

इतरांनी काय केलंय ते चाळलं. विंडोजने वर्षानुवर्षं सगळ्या स्टोरेजला स्कझी मानलं, एनव्हीएमईचा ड्रायव्हरसुद्धा वरून स्कझी विनंतीच घेतो आणि आत भाषांतर करतो. ओपनबीएसडीतही तेच, तिथे एनव्हीएमई डिस्क 'एसडी' म्हणूनच दिसते. लिनक्समधे ब्लॉक रिक्वेस्ट ही सामायिक भाषा. तिच्या खाली एकीकडे स्कझीचा मधला थर (साटा त्याच्याही पोटात) आणि शेजारी एनव्हीएमईचं वेगळं बिऱ्हाड. फ्रीबीएसडीच्या कॅम नावाच्या स्टोरेज थरात प्रोटोकॉल (कमांडची भाषा) आणि ट्रान्सपोर्ट (ती वाहून नेणारी वाट) ही दोन वेगळी खाती आहेत.

कुठला रस्ता धरू? कामगिरीचे विक्रम करायचे नाहीत, पण उद्या नवा ट्रान्सपोर्ट आला तर जुनं पाडावं लागू नये एवढी इच्छा.

जुना जोडारी

अरे अर्धविराम, यातला कुठलाही रस्ता धरलास तरी ज्या खड्ड्यात पडायचं तो खड्डा एकच आहे. त्यामुळे आधी खड्डा दाखवतो.

स्कझीचं पहिलं एएनएसआय प्रमाण १९८६ चं. कमांड, केबल, विजेचे सिग्नल, सगळं एका दस्तऐवजात. स्कझी-३ च्या वेळी ते मोडून कमांड संच वेगळे केले, वाहतूक वेगळी केली आणि दोघांना बांधणारं एक आर्किटेक्चर मॉडेल लिहिलं. म्हणून तीच रीड कमांड पुढे फायबर चॅनल, फायरवायर, एसएएस, यूएसबी आणि टीसीपीवरूनही धावली (आयस्कझीचा पहिला आरएफसी २००४ चा). एनव्हीएमईची २०११ ची पहिली आवृत्ती पीसीआय एक्सप्रेसला चिकटलेली होती, २०१६ मधे फॅब्रिक्स (नेटवर्कवरचं एनव्हीएमई) आलं, आणि २०२१ च्या २.० आवृत्तीत त्यांनीही बेस, कमांड संच आणि ट्रान्सपोर्ट असे दस्तऐवज वेगळे केले. दोन घराण्यांनी पाव शतकाच्या अंतराने तीच रेघ मारली. रेघ बरोबर आहे याबद्दल वाद नको.

पण ती कमांडपुरती बरोबर आहे. कमांडचे बाइट इकडून तिकडे नेणं हे ट्रान्सपोर्टचं सगळ्यात सोपं काम. एक उदाहरण घे, तुझ्याच पेनड्राइव्हचं. कमांड फसली की स्कझी डिव्हाइस 'चेक कंडिशन' म्हणतं आणि कारण 'सेन्स डेटा'त असतं. फायबर चॅनल, एसएएस, आयस्कझी यांत सेन्स उत्तरासोबतच येतो. यूएसबीच्या बल्क-ओन्लीत (पेनड्राइव्हची साधी पद्धत) मात्र ३१ बाइटचं पाकीट जातं आणि १३ बाइटचं परत येतं, त्यात स्थितीला जागा एक बाइट: जमलं, फसलं, किंवा फेज एरर (दोघांचा ताळमेळ सुटला). सेन्स हवा तर वेगळी रिक्वेस्ट सेन्स कमांड पाठवायची. ही दुसरी कमांड कोण पाठवणार? वरच्या स्कझी थराने पाठवली तर त्याला यूएसबीची खोड माहीत झाली. ट्रान्सपोर्टने पाठवली तर ट्रान्सपोर्टला स्कझी कळायला लागलं.

माझं उत्तर: ट्रान्सपोर्टने पाठवावी. वरच्याला 'उत्तर नेहमी सेन्ससकट येतं' हे वचन मिळायला हवं. थर आखताना कुठल्या फंक्शनला काय नाव द्यायचं हे नंतर बघ, ट्रान्सपोर्ट वरच्याला कुठली वचनं देतो ते आधी लिहून काढ.

अवांतर: त्या बल्क-ओन्ली स्पेसिफिकेशनच्या १.० आवृत्तीच्या मुखपृष्ठावर ३१ सप्टेंबर १९९९ अशी तारीख आहे. सप्टेंबरला ३१ दिवस देणाऱ्यांच्या हातची फेज एरर जपूनच हाताळावी.

फुटकळ

३१ सप्टेंबर! =)) लगेच उघडून पाहिलं, खरंच आहे.

बाकी मला कळत नाही एवढा काथ्याकूट कशाला. छंदाचं कर्नल आहे ना? सगळं स्कझी माना आणि मोकळे व्हा. साटासाठी भाषांतराचं प्रमाण आहेच, एनव्हीएमईला लागतात त्या कमांड हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. वर एकच डिस्क ड्रायव्हर, एकच एरर कोडांची भाषा. ओपनबीएसडीची मंडळी काही वेडी नाहीत.

मधली ओळ

फुटकळ, ओपनबीएसडीसाठी तो निर्णय शहाणपणाचाच आहे, कारण त्यांना कमी कोड हवा असतो आणि त्याची किंमत मोजायची त्यांची तयारी असते. पण किंमत आहे.

भाषांतरात जे बसत नाही त्याला मागचं दार लागतं. साटा डिस्कचं स्मार्ट (तब्येतीचा अहवाल) वाचायचं तर स्कझीच्या वेष्टनात मूळ एटीए (साटाची स्वतःची भाषा) कमांड कोंबून पाठवतात, त्याला एटीए पास-थ्रू म्हणतात. त्याच्या १२ बाइटच्या रूपाचा ऑपकोड (कमांडचा क्रमांक) हेक्स ए१. आता सीडी-डीव्हीडी रायटरच्या कमांड संचात ए१ म्हणजे काय? ब्लँक. डिस्क पुसून टाका! म्हणजे खाली नक्की कोण आहे हे माहीत नसताना 'सगळं स्कझीच तर आहे' या भरवशावर ए१ पाठवायचा नाही. १६ बाइटचं रूप (हेक्स ८५) म्हणूनच बरं. सामायिक भाषा घेतली तरी खाली कोण राहतं हे विचारायची सोय ठेवावीच लागते.

माझा कॅमच्या कोडशी बराच संबंध आला आहे, म्हणून त्याबद्दल थोडं लिहिते. कॅम हे मुळात एएनएसआयचं १९९६ चं प्रमाण, फ्रीबीएसडीत ते १९९८ च्या ३.० मधे आलं. रचना तीन मजली. वर पेरिफेरल ड्रायव्हर (डिस्क, टेप, सीडी), मधे वाटाड्या थर, खाली कंट्रोलरचा ड्रायव्हर ज्याला सिम म्हणतात. सगळा व्यवहार सीसीबी नावाच्या एका विनंती-पेटीतून. आधी यात फक्त स्कझी होतं. २००९ पासून एटीए आलं, आणि तेव्हा स्कझीत भाषांतर न करता एटीएची कमांड एटीए म्हणूनच वाहायची असं ठरलं. 'सध्याच्या जोडणीची माहिती दे' असं सिमला विचारलं की उत्तरात प्रोटोकॉल आणि ट्रान्सपोर्ट ही दोन वेगळी खाती येतात: प्रोटोकॉल स्कझी, ट्रान्सपोर्ट एसएएस, प्रोटोकॉल स्कझी, ट्रान्सपोर्ट यूएसबी, प्रोटोकॉल एटीए, ट्रान्सपोर्ट साटा. हे मला फार आवडतं.

आवडत नाही ते म्हणजे पत्ता. बस, टार्गेट, लन (टार्गेटमधलं एकेक युनिट) ही त्रिस्थळी यात्रा प्रत्येकाला करावी लागते, एनव्हीएमईलासुद्धा, जिथे कंट्रोलर आणि नेमस्पेस (त्याच्यामागची एकेक डिस्क) एवढंच असतं. फ्रीबीएसडीत आधी कॅमला वळसा घालणारा एनव्हीडी ड्रायव्हर आला आणि नंतर कॅममधला एनडीए, यावरून काय ते समजा. अर्धविराम, पत्ता हा ट्रान्सपोर्टचा खाजगी मामला ठेवा. वर फक्त एक अपारदर्शक हँडल आणि डिस्कची कायमची ओळख द्या. (कायमची म्हणजे डिस्कने स्वतः सांगितलेला जागतिक ओळख क्रमांक. 'तिसऱ्या पोर्टवरची' ही ओळख नव्हे.)

पेन्सिलटोक

मला वाटतं कामगिरीचा मुद्दा अगदीच झटकून टाकू नये, कारण तो नंतर घुसवता येत नाही. एएचसीआयमधे एका पोर्टला एक रांग, ३२ जागा. एनव्हीएमईत ६५,५३५ पर्यंत आयओ रांगा आणि प्रत्येकीत ६५,५३६ पर्यंत नोंदी. प्रत्यक्षात कोणी एवढ्या उघडत नाही, पण दर सीपीयूला स्वतःची रांग मिळते हा खरा फायदा, कारण मग विनंती टाकताना दुसऱ्या सीपीयूशी कुलपावरून झटापट नाही. लिनक्सने यासाठी अख्खा ब्लॉक थर नव्याने लिहिला. जानेवारी २०१४ च्या ३.१३ मधे तो आला, त्याच वर्षी ३.१७ मधे स्कझीला त्यावर बसता आलं, आणि जुना एकरांगी मार्ग शेवटी निघाला तो २०१९ च्या ५.० मधे. पाच वर्षं दोन्ही मार्ग सोबत सांभाळावे लागले.

म्हणून रांगा किती, खोली किती आणि कुठली रांग कुठल्या सीपीयूची, हे ट्रान्सपोर्टने सांगावं आणि ब्लॉक थराने त्याप्रमाणे टॅग (चालू विनंत्यांचे क्रमांक) वाटावेत. पेनड्राइव्ह म्हणेल 'एक रांग, खोली एक'. तोही त्याच साच्यात बसतो.

अर्धविराम

सगळ्यांचे आभार, भरपूर खाद्य मिळालं. म्हणजे सामायिक भाषा ब्लॉक रिक्वेस्ट. तिच्या खाली स्कझी, एटीए, एनव्हीएमई असे प्रोटोकॉल. त्यांच्या खाली ट्रान्सपोर्ट. ट्रान्सपोर्टचा आराखडा असा मांडलाय: जोडणी उघड, जोडणी बंद कर, रांगांची माहिती दे, विनंती टाक, विनंती रद्द कर, डिव्हाइस रीसेट, बस रीसेट. रद्द करणारं फंक्शन यश किंवा अपयश परत देईल. चालेल?

जुना जोडारी

नाही चालणार. 'विनंती रद्द कर'चं उत्तर दोन प्रकारचं नसतं. हाच तो खड्डा.

विनंती टाकली, टाइमआउट झाला (लिनक्समधे स्कझी डिस्क आणि एनव्हीएमई दोघांनाही मुळात ३० सेकंद असतात). आता तुला दोन निरनिराळे प्रश्न विचारायचेत. पहिला, बफर कोणाचा? कंट्रोलर डीएमएने (सीपीयूला मधे न घेता थेट) मेमरीच्या त्या पानात अजून लिहू शकतो का? दुसरा, डिस्कवर परिणाम होणार आहे का? लेखनाची विनंती असेल तर ती उशिरा का होईना अंमलात येईल का? प्रत्येक प्रश्नाला 'हो', 'नाही' आणि 'माहीत नाही' अशी उत्तरं संभवतात, आणि ट्रान्सपोर्ट बदलला की उत्तरं बदलतात.

पीसीआय एक्सप्रेसवरचं एनव्हीएमई घे. अबॉर्ट कमांड आहे, पण ती विनवणी आहे, हुकूम नाही. कंट्रोलर 'रद्द नाही केली' असंही उत्तर देऊ शकतो. मग हातात उरतो रीसेट. एनेबल बिट शून्य करायचा आणि रेडी बिट शून्य होईपर्यंत थांबायचं. ते झालं की दोन्ही प्रश्न मिटले: कंट्रोलर तुझ्या पानांना हात लावणार नाही, आणि अर्धवट कमांडही शिल्लक नाहीत. कंट्रोलर जर अख्खाच मेला असेल, तर बस मास्टरिंग (त्याची थेट मेमरीत लिहायची परवानगी) बंद करून निदान पहिला प्रश्न सोडवता येतो. त्याआधी बफर मोकळा केलास, तर कुठल्यातरी तिसऱ्याच प्रोसेसच्या पानात डिस्कचा डेटा उमटेल, आणि तो दोष शोधताना नाकी नऊ येतील.

टीसीपीवर उलटं चित्र. सॉकेट बंद केलं की पहिला प्रश्न लगेच सुटतो, पान तुझं. दुसरा मात्र लटकतो. पत्र टाकलं आणि पोच आली नाही, तर पत्र पोचलं नाही असं म्हणता येत नाही. पलीकडच्या कंट्रोलरला तुझी जोडणी तुटल्याचं अजून कळलंही नसेल. त्याच्या पोटात तुझं लेखन अजून जिवंत आहे. तू दुसऱ्या वाटेने तीच विनंती पुन्हा टाकलीस, ती झाली, वरच्या फाइल सिस्टिमने त्याच ब्लॉकवर नवा डेटा लिहिला, आणि मग पहिल्या वाटेवरचं ते जुनं भूत जागं होऊन नव्यावर जुनं लिहून गेलं. एररही नाही, लॉगमधे ओळही नाही. ही काल्पनिक भीती नव्हे. एनव्हीएमईच्या स्पेसिफिकेशनमधे कीप-अलाइव्हचे (जोडणी जिवंत आहे ना, या तपासणीचे) नियम घट्ट केले गेले आणि 'तुटल्यावर कंट्रोलरला कमांड थंड करायला इतका वेळ लागू शकतो' असं सांगणारी वेळ नंतर घातली गेली, ती याचसाठी.

टेपवर तर आणखी गंमत. तिथे लेखन जागेवर नसतं, जिथे टेप आहे तिथे असतं. उत्तर हरवलं म्हणून तीच कमांड पुन्हा टाकली की ब्लॉक दोनदा लिहिला गेला. फायबर चॅनलला टेपसाठी वेगळी एरर रिकव्हरी घालावी लागली ती यामुळे. 'फसलं तर परत टाक' हा निर्णय म्हणूनच ट्रान्सपोर्टने कधीही परस्पर घ्यायचा नाही. त्याने खरं काय ते सांगावं, पुन्हा टाकायचं की नाही ते प्रोटोकॉलचा थर ठरवेल.

मधली ओळ

जोडारीकाकांच्या प्रतिसादाला +१. वाचनखूण साठवली.

'बस रीसेट'बद्दल माझी हरकत वेगळी. लिनक्सच्या स्कझी थरात रीसेटची शिडी आहे: आधी कमांड रद्द कर, मग डिव्हाइस, मग टार्गेट, मग बस, मग होस्ट. ही शिडी समांतर केबलच्या काळातली. एसएएस किंवा फायबर चॅनलमधे बस नावाची वस्तूच नाही, मग ड्रायव्हर त्या पायरीवर मनाला येईल ते करतात. त्यातून वरच्या पायऱ्या चढताना अख्ख्या होस्टची आयओ थांबते. एका आजारी डिस्कपायी त्याच कार्डावरच्या धडधाकट डिस्काही ताटकळतात.

त्यापेक्षा 'रीसेट' हा शब्दच वरून काढा. वरच्या थराने एवढंच म्हणावं, 'या व्याप्तीतल्या सगळ्या विनंत्यांचा निकाल लाव': एक विनंती, एक डिव्हाइस, किंवा अख्खी जोडणी. तो कसा लावायचा ते ट्रान्सपोर्ट पाहील. आणि ट्रान्सपोर्टला व्याप्ती वाढवायची मुभा हवी. साटाचं एनसीक्यू (एकाच वेळी अनेक कमांड देण्याची सोय) घ्या: ३२ पैकी एक कमांड फसली की डिस्क बाकीच्याही सोडून देते आणि कोण दोषी ते १० हेक्स क्रमांकाच्या लॉग पानातून वाचावं लागतं. निष्पाप विनंत्या 'तुझा दोष नाही, परत टाक' अशा शिक्क्यासह वर यायला हव्यात, त्यांचा पुनर्प्रयत्नांचा कोटा न खाता.

आणि अजून एक गोष्ट, जी कॅमकडून बिनदिक्कत उचला: गोठवणं. एरर आली की त्या डिव्हाइसची रांग आपोआप गोठते, मोजणी एकने वाढते, आणि ज्याने एरर हाताळली तो ती एकने कमी करतो. शून्य झालं की रांग वाहती. गोठवणारे अनेक असू शकतात, म्हणून नुसता हो-नाही झेंडा पुरत नाही, मोजणीच लागते. मोजणी चुकली की रांग कायमची गोठते, तेही खरं. पण चुकीच्या क्रमाने लेखन होण्यापेक्षा लटकलेली रांग डीबगरमधे निदान दिसते तरी.

सावकाश

उशिरा येतोय. मेमरीबद्दल कोणीच बोललं नाही, आणि नेटवर्कवरची डिस्क घेणाऱ्याचा पहिला मुडदा तिथेच पडतो.

मेमरी संपत आली. कर्नल म्हणतं, मळलेली (बदललेली पण अजून डिस्कवर न गेलेली) पानं डिस्कवर लिहून मोकळी करू. डिस्क आहे टीसीपीपलीकडे. लिहायचं तर पॅकेट बांधायचं, पॅकेटला मेमरी हवी, ती नाही म्हणून कर्नल मळलेली पानं लिहायला बघतं... बसा. स्थानिक डिस्कला हे टाळणं सोपं असतं, कारण टॅगांची संख्या ठरलेली, तेव्हा प्रत्येक टॅगसोबत लागणारी सगळी मेमरी सुरुवातीलाच बाजूला काढता येते. नेटवर्कमधे नुसतं पाठवण्यापुरतं आरक्षण पुरत नाही. पोच येणार तीही पॅकेट म्हणूनच, आणि ती स्वीकारायलाही मेमरी लागते. येणारं पॅकेट कोणाचं हे उघडल्याशिवाय कळत नाही. म्हणून राखीव साठ्यातून घ्यायचं, उघडायचं, स्टोरेजच्या सॉकेटचं नसेल तर फेकून द्यायचं. टीसीपी आहे, समोरचा परत पाठवेल.

लिनक्समधे आयस्कझीचा लॉगिन आणि पुनर्जोडणी यूजरस्पेसमधला डेमन (कर्नलबाहेर मागे चालणारा प्रोग्राम) करतो. रूट डिस्कच आयस्कझीवर असेल आणि जोडणी तुटली, तर जोडणी परत करणाऱ्या प्रोग्रामची पानं त्याच तुटलेल्या डिस्कवर असून कसं चालेल? म्हणून तो डेमन स्वतःची सगळी पानं मेमरीत खिळवून ठेवतो. तुम्ही पुनर्जोडणी कर्नलमधेच ठेवा, लहान कर्नलला तेच सोयीचं.

यूएसबीही यातून सुटत नाही. पोर्ट रीसेट करताना हब ड्रायव्हरने साधी मेमरी मागितली आणि त्या मागणीपोटी कर्नलने त्याच पेनड्राइव्हवर पानं लिहायला घेतली, की गाठ बसली. रीसेटच्या मार्गावरचं प्रत्येक ॲलोकेशन 'यासाठी आयओ सुरू करू नकोस' अशा अटीवरच. हे एकेका हाकेला सांगण्यापेक्षा थ्रेडवरच झेंडा लावावा, कारण खाली कोण काय मागेल याची खात्री नसते.

पेन्सिलटोक

मर्यादांबद्दल चार ओळी. विनंतीचा जास्तीत जास्त आकार, तुकड्यांची संख्या, अलाइनमेंट हे सगळं ट्रान्सपोर्टने जोडणीच्या वेळी सांगायचं आणि ब्लॉक थराने त्यानुसार विनंती कापायची. एनव्हीएमईच्या पीआरपी यादीत (बफरच्या पानांचे पत्ते) पहिला तुकडा पानाच्या मधून सुरू झाला तर चालतो, पण मधले सगळे पूर्ण पानच हवेत. लिनक्सचा यूएसबी ड्रायव्हर बहुतेक जुन्या पद्धतीच्या डिव्हाइसना एका वेळी २४० सेक्टरच देतो, कारण त्याहून मोठ्या घासाला काही ब्रिज (यूएसबी आणि डिस्क यांच्या मधली चिप) गुदमरतात. मर्यादा कागदावरच्या नव्हे, प्रत्यक्षातल्या पाळायच्या.

फुटकळ

ब्रिजवरून आठवलं. माझ्याकडचा एक यूएसबी डिस्कचा डबा यूएएसवर (यूएसबी डिस्कची नवी पद्धत) मधेच लटकतो, साध्या बल्क-ओन्लीवर मुकाट चालतो. हे असले लाड कर्नलने कुठे पुरवायचे? माझं मत अजूनही 'सगळं स्कझी'च आहे, पण मेमरीचा प्रतिसाद वाचून छाती दडपली हे मान्य.

मधली ओळ

यूएएसचा इतिहासच तसा आहे. चार पाइप, यूएसबी ३ वर स्ट्रीम, एकाच वेळी अनेक कमांड; कागदावर बल्क-ओन्लीपेक्षा कितीतरी सरस. लिनक्समधे २०११ च्या सुरुवातीच्या २.६.३७ मधे आलं, मग काही काळ 'मोडकं' म्हणून बाजूला पडलं आणि २०१४ मधे ३.१५ ला परतलं. आजही त्याची वेगळी खोड-यादी (विचित्र वागणाऱ्या डिव्हाइसची नोंद) आहे आणि एखाद्या डब्यापुरतं यूएएस बंद करायचा बूट पर्यायही.

खोड-याद्या दोन ठेवाव्यात असं माझं मत. यूएसबीच्या विक्रेता-उत्पादन क्रमांकावरून ओळखली जाते ती ब्रिजची खोड, ती ट्रान्सपोर्टच्या यादीत. डिस्कच्या इन्क्वायरी उत्तरावरून किंवा मॉडेलच्या नावावरून ओळखली जाते ती डिस्कची, ती प्रोटोकॉलच्या यादीत. तीच डिस्क दुसऱ्या डब्यात घातली की डब्याचा दोष तिच्या नावावर चढायला नको. पण काही खोडी या रेघेवर नेमक्या बसतात. शेवटच्या सेक्टरचा क्रमांक विचारला तर एकूण संख्या सांगणारे डबे आहेत, म्हणजे उत्तर एकने जास्त. विचारणं प्रोटोकॉलचं, खोटं बोलणारा ब्रिज. अशा वेळी ट्रान्सपोर्टच्या यादीतून निघालेला झेंडा वर प्रोटोकॉलला दिसला पाहिजे. इथे रेघ ओलांडावी लागते आणि त्यात लाज नाही.

सावकाश

कॅशच्या बाबतीत यापेक्षा वाईट. बऱ्याच यूएसबी ब्रिजना 'तुझी लेखन-कॅश चालू आहे का' विचारलं की उत्तरच येत नाही. लिनक्स तेव्हा लॉगमधे सरळ लिहितं की कॅश राइट-थ्रू (लेखन लगेच डिस्कवर उतरवणारी) असल्याचं गृहीत धरतोय. म्हणजे फ्लश पाठवणंच बंद. डिस्कमधे कॅश चालू असेल तर वीज गेल्यावर फाइल सिस्टिमच्या जर्नलला काही अर्थ राहत नाही.

मी तर म्हणेन उत्तर नसेल तर कॅश आहे असं धरा आणि फ्लश पाठवा.

जुना जोडारी

सावकाश, तत्त्वतः बरोबर. पण काही ब्रिज फ्लशची कमांड आली की अशी मान टाकतात की पोर्ट रीसेटशिवाय उठत नाहीत. डेटा वाचवायला पाठवलेल्या कमांडने डिस्कच गेली तर काय? मी एकदाच पाठवून बघेन, 'अवैध कमांड' आलं तर पुन्हा पाठवणार नाही, आणि लटकला तर खोड-यादीत नाव.

सावकाश

एकदा पाठवून बघायची ती डिस्क जोडताक्षणी, वर काही माउंट होण्याआधी. मग मला मान्य.

अर्धविराम

आराखडा बदललाय. ट्रान्सपोर्टचं 'निकाल लाव' हे फंक्शन व्याप्ती घेतं आणि प्रत्येक विनंतीमागे दोन खाती भरून देतं: बफर परत मिळाला का, आणि परिणाम झाला / नाही / अज्ञात. बफरच्या खात्यात 'अज्ञात' राहिलं तर ते पान कधीच मोकळं करायचं नाही, गळू द्यायचं. परिणाम 'अज्ञात' असेल तर लेखन दुसऱ्या वाटेने टाकण्याआधी ट्रान्सपोर्टने सांगितलेला वेळ थांबायचं. बस रीसेट काढला. पत्ता अपारदर्शक. फ्लशची चाचणी जोडणीच्या वेळी. स्कझी थर यूएसबी आणि आयस्कझी दोघांना एकच, एनव्हीएमई शेजारी वेगळं.

लिहायला मात्र एनव्हीएमईपासून न घेता एका खोट्या ट्रान्सपोर्टपासून घेणार आहे: मागे नुसती मेमरी, पण उत्तरं गाळणारा, उशिरा देणारा, क्रम उलटा करणारा. एक प्रश्न उरतो. जोडणी शाबूत आहे, फक्त एक उत्तर टाइमआउटनंतर आलं. तोवर तो टॅग मी दुसऱ्या विनंतीला दिलेला असला, तर जुनं उत्तर नव्या विनंतीला चिकटेल. टॅग किती वेळ राखून ठेवू?

पेन्सिलटोक

वेळेवर विसंबू नका. निकाल लागेपर्यंत टॅग परत द्यायचाच नाही हा मूळ नियम. त्याच्या जोडीला कमांडच्या ओळख क्रमांकात पिढी घाला. लिनक्सच्या एनव्हीएमईत १६ बिटांच्या क्रमांकातले १२ बिट टॅगचे आणि वरचे ४ पिढीचे आहेत, टॅग पुन्हा वापरला की पिढी एकने पुढे. उत्तरातली पिढी जुळली नाही तर ते उत्तर फेकायचं आणि लॉगमधे ओरडायचं. ४ बिट म्हणजे १६ वापरांनंतर पिढी परत तीच येते, पण बेवारस उत्तर पकडायला सहसा तेवढं पुरतं.

फक्त ही पिढी बंद करायची सोयही ठेवा. ओळख क्रमांक रांगेच्या खोलीपेक्षा मोठा दिसला की गोंधळणारे कंट्रोलर निघाले, आणि लिनक्सला त्यांच्यासाठी खोड-यादीत वेगळा झेंडा घालावा लागला. तो कुठल्या यादीत टाकायचा, ट्रान्सपोर्टच्या की प्रोटोकॉलच्या, ते मधली ओळ यांनी सांगावं.

मधली ओळ

कंट्रोलर पीसीआय क्रमांकावरून ओळखला जातो. ट्रान्सपोर्टच्या.